पाठकोऱ्या कागदांची चक्की

ज्या वर्षी एनेदिनाचे लग्न नदीच्या पुरामुळे नऊ दिवस लांबले, त्या वर्षी मी रिंकोन गावात आले. नवरदेव पलीकडच्या काठावर, मेक्सिकोत. नवरी अलीकडच्या काठावर, टेक्सासात. मध्ये फुगलेली मातकट नदी आणि वाहून गेलेला पूल. लग्नासाठी कापलेले दोन बोकड पाहुण्यांनी वाट पाहता पाहता खाऊन टाकले आणि खरोखर लग्न लागले त्या दिवशी सगळ्यांना उकडलेल्या राजम्यावर भागवावे लागले. ते साल १९५४. गावातली म्हातारी माणसे अजूनही त्या सालाला ‘बोकड आधीच संपले ते वर्ष’ म्हणतात.

मित्रांनो, मी एक जुनी छपाईची चक्की आहे. कागदोपत्री माझे नाव सायक्लोस्टाइल यंत्र. पण सांता रीताच्या चर्चमागे जो सभेचा हॉल आहे, तिथल्या बायकांनी मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. माझा जन्म शिकागोच्या कारखान्यात झाला. काळे लोखंडी अंग, मध्ये एक पोकळ ड्रम, ड्रमच्या पोटात शाई, उजव्या बाजूला लाकडी मुठीचे हँडल आणि खाली सामान ठेवायला दोन दारांचे कपाट. त्या कपाटाची आठवण ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

पेंढ्याने भरलेल्या खोक्यातून मला बाहेर काढले तेव्हा समोर उभी होती कुका, त्या नवरीची आई. हॉलची झाडलोट तीच करायची. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, हँडल फिरवून पाहिले आणि हसली.

“फादर, ही तर आपली मक्याची चक्की हो! नुसती काळं दळते.”

“कुका, हे यंत्र आहे. याला जपायचं.”

“चक्कीला काय कमी जपते मी? तुमच्या ताटातल्या मक्याच्या तोर्तिया कुठून येतात?”

तेव्हापासून मी चक्की झाले.

माझे पहिले काम काही मोठे नव्हते. पुरात वाहून गेलेल्या गाई कुणाला सापडल्यास चर्चमध्ये कळवावे, एवढेच. चाळीस प्रती. दोन गाई परत आल्या. तिसरी पलीकडच्या काठावर सापडली आणि तिला आणायला कागदपत्रे लागली. त्या काळी माणसांनाही इतकी लागत नसत.

मला अक्षरे उशिरा आली. हे सांगायला मला लाज वाटत नाही. पहिली काही वर्षे मी न वाचताच छापत होते. प्रार्थनेच्या वेळा, मक्याच्या सालपटात वाफवलेल्या तमाल्यांची विक्री, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाची मयत, सगळे मला सारखेच काळे दिसायचे. मला वाचायला शिकवले कुकाच्या धाकट्या मुलीने, ओरालियाने. मी आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की बाई तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी करायच्या. घरची भाषा म्हणजे स्पॅनिश, आणि तीही आमच्या नदीकाठची, जिच्यात इंग्रजी शब्द पाहुण्यासारखे येऊन घरच्यासारखे राहिलेले. चार वाजता शाळा सुटली की ओरालिया धावत हॉलवर यायची, माझ्यातून निघालेला ओला कागद उचलायची आणि मोठ्याने वाचायची. आई फरशी पुसता पुसता ऐकायची. मीही ऐकायचे. आवाज आणि आकार यांची हळूहळू गाठ पडत गेली.

एक गंमत सांगते. टाइप केलेला मेणकागद, म्हणजे स्टेन्सिल, माझ्या ड्रमवर पालथा लावतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला अक्षरे उलटी दिसतात. माझ्या पोटातून पाहिले तर ती सरळच असतात. येणारेजाणारे म्हणायचे, हे काय उलटसुलट! मला मात्र ती कधी उलटी दिसलीच नाहीत.

कुकाला अक्षरे आली नाहीत. सही लागली की ती अंगठा उठवायची. पण तिच्याजवळ गोष्टी होत्या. एका संध्याकाळी फरशीचे फडके पिळता पिळता तिने ओरालियाला आजोबांच्या शेताची गोष्ट सांगितली.

“तुझ्या आजोबांचं शेत होतं नदीच्या पलीकडे. एका वर्षी पूर आला आणि नदीनं वाट बदलली. सकाळी उठून बघतात, तर नदी शेताच्या मागून वाहतेय. झोपले मेक्सिकोत, उठले टेक्सासात! इकडचा साहेब म्हणाला, तू तिकडचा. तिकडचा साहेब म्हणाला, आता तू इकडचा.”

“मग आजोबा काय म्हणाले?”

“ते काय म्हणणार बिचारे. टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी म्हणते, बाई. शेत जागचं हललं नाही. नदी हलली.”

ओरालिया हातातला कागद न वाचताच खिडकीतून बाहेर बघत बसली. त्या दिवशी मला वाटले, दमली असेल.

वर्षे गेली. ओरालिया टायपिंग शिकली आणि कांद्याच्या पॅकिंग शेडच्या कचेरीत काही दिवस कामाला होती. मग तिचे लेओबार्दोशी लग्न झाले. लेओबार्दो म्हणजे कांद्याच्या शेतातल्या मजुरांचा पुढारी. भला माणूस. पोलिसाच्या दंडुक्याने त्याचा पुढचा एक दात गेला होता आणि तो हसला की त्या फटीतून बारीक शिटी वाजायची. १९७१ च्या वसंतात मजुरांनी संप केला आणि आमचा हॉल संपाची कचेरी झाला. इतकी पत्रके मी आयुष्यात छापली नव्हती. ‘शेतात पाणी द्या, सावली द्या, संडास द्या.’ पुरुष मोठ्या टेबलाभोवती बसून मजकूर ठरवायचे. ओरालिया तो स्टेन्सिलवर टाइप करायची. हँडल फिरवायची तिची मैत्रीण चायो, आणि कागद मोजून गठ्ठे लावायची कुका. छापून झाल्यावर तिघींचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. मक्याचे भरड पीठ आणि साबण घासून त्या ते धुवायच्या. शाळेत कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी आता माझ्यासमोर बसून सगळ्या गावाचे म्हणणे टाइप करत होती, याचा मला अभिमान वाटायचा. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी समितीची नावे असायची. अकरा नावे, सगळी पुरुषांची.

“कॉफी संपली वाटतं,” एकदा लेओबार्दो कागदावरून मान न उचलता म्हणाला.

“संपली नाही,” चायो म्हणाली, “संपावर गेलीय.”

पुरुष हसले. शिटीही वाजली. पण कॉफी ठेवायला उठली ओरालियाच.

त्या दिवशी भांडे चुलीवर चढवून ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. “लेओ, मला काही पानं छापायचीत. आमची. बायकांची.”

“कशाला? मागण्यांत तुम्ही आहातच की. मजूर म्हणजे तुम्हीपण.”

“मग खाली आमची नावं का नाहीत?”

“नाव टाकलं तर पोलीस उचलतील, ओरा. तुझ्या काळजीनंच टाकत नाही.”

“हात काळे झालेले चालतात. नाव तेवढं पांढरं ठेवायचं,” ती म्हणाली आणि चुलीकडे परतली.

पण तिने लिहिले. दुपारी हॉल रिकामा असायचा तेव्हा ती येऊन टाइप करायची. टाइपरायटरचा आवाज ऐकून मला कळायचे की आज ती पत्रक टाइप करत नाही. पत्रकाचा आवाज एकसारखा असतो. हा अडखळायचा, थांबायचा, मग एकदम धावत सुटायचा. सहा पाने झाली.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी पुरुष तालुक्याच्या गावी मोर्चाला गेले. तिघी हॉलवर आल्या. आता अडचण कागदाची. कोरे कागद मोजके, आणि ते संपाचे. चायोने माझे कपाट उघडले. आत एका रद्द झालेल्या सभेच्या पत्रकांचा गठ्ठा पडून होता. तारीख बदलल्यामुळे तो वाया गेला होता.

“पाठकोरे आहेत सगळे,” चायो म्हणाली.

आमच्याकडे पाठकोरा कागद कुणी टाकत नाही. फादरचे प्रवचन, वाण्याची यादी, मुलांची चित्रे, सगळे कशाच्या ना कशाच्या पाठीवर असते. तेव्हा बायकांची पाने पुरुषांच्या पत्रकांच्या पाठीवर छापायची असे ठरले आणि त्यात कुणालाही काही विशेष वाटले नाही.

मित्रांनो, ओरालियाचे पहिले स्टेन्सिल माझ्या अंगावर चढले आणि मी माझ्या पोटातून ते सरळ वाचले. ‘शेत जागचे हलले नाही. नदी हलली.’ तिथून तिने सुरुवात केली होती. ते शेत म्हणजे मीच, असे तिने लिहिले होते. दुसऱ्या पानावर पलीकडच्या काठावरच्या मामेबहिणी होत्या, ज्या तिच्या बोलण्याला हसायच्या आणि तिला ‘पोचा’ म्हणायच्या, म्हणजे रंग उडालेली, उतरलेली. तिसऱ्यावर शाळेतला कोपरा होता. ‘माझी भाषा अर्धी इकडची, अर्धी तिकडची आहे, असे म्हणू नका. दोन अर्धी जोडून झालेली भाकरी भूक अर्धी भागवत नाही.’ चौथ्यावर पॅकिंग शेडमधल्या बायका. पाचव्यावर तिची आई, जिचा अंगठा खूप कागदांवर आहे आणि नाव एकाही कागदावर नाही. सहाव्यावर कॉफी. ‘संपाच्या मागण्यांत आमची एक घाला : घरी आल्यावर आम्हाला मजूर समजू नका.’ आणि तळाशी, साध्या टाइपात, ओरालिया बेनाविदेस.

मी खूप काही छापले, पण त्या दिवशी माझे हँडल कुरकुरले नाही.

शाई ओली होती. कुकाने हॉलभर सहा दोऱ्या बांधल्या आणि एकेका पानाला एकेक दोरी दिली. कपडे वाळत घालतात तसे तिने कागद चिमट्यांनी लटकवले. चायोला थांबायला वेळ नव्हता. तिच्या घरचे चार वाजता ट्रकने उत्तरेला, मिशिगनला काकडीच्या तोडणीला निघणार होते. आधी वाळलेले तीन संच तिने मक्याच्या पिठाच्या पिशवीत घातले.

“वाटेत वाचीन,” ती म्हणाली. “रडू आलं तर तुला शिव्या देईन, कोमाद्रे.” आमच्याकडे बायका जिवाभावाच्या मैत्रिणीला अशीच हाक मारतात. ती गेली.

पाच वाजता लेओबार्दो आणि समितीतले दोघे दारात उभे राहिले. मोर्चा लवकर आटोपला होता. लेओबार्दो दोऱ्यांखालून वाकून आत आला. त्याने एका पानाच्या तळचे नाव पाहिले.

“तू नाव घातलंस.”

“माझंच आहे ते.”

“ओरा, हे आत्ता बाहेर गेलं तर शेतमालक काय म्हणतील? बघा, यांच्या घरातच फूट! त्यांना हेच हवंय. पुढच्या आठवड्यात बोलणी आहेत.”

“तू वाच तरी.”

“वाचायची गरज नाही मला. चांगलंच असेल. पण आत्ता नाही.”

“मग कधी?”

लेओबार्दोने वळून दाराकडे पाहिले. दारातले दोघे बुटांकडे पाहत होते. तो म्हणाला, “तू ठरव. संप मोडला तर तो कुणामुळे मोडला, हेही तूच ठरव.”

हे बोलणे चालू असताना कुका मुकाट्याने कागद उतरवत होती. मी तिला पाहत होते. सहाही दोऱ्यांजवळ ती गेली आणि प्रत्येक दोरीवरचा एकेक कागद तिने वेगळा काढला. वाचता येत नव्हते, पण दोऱ्या मोजता येत होत्या. मग पाणी आणायला निघाल्यासारखी ती माझ्यापाशी आली, कपाट उघडले, उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्याखाली ते सहा कागद सरकवले आणि पत्रकाची बाजू वर ठेवली. कुणी उघडलेच तर त्याला वर पुरुषांची नावे दिसावीत.

हॉलमागे सणावारी गाईचे डोके भाजायचा खड्डा आहे. तिन्हीसांजेला ओरालियाने बाकीचे सगळे कागद आणि सहाही स्टेन्सिले त्या खड्ड्यात स्वतःच्या हाताने जाळली. मेणकागद भसाभसा पेटतो. मी खिडकीतून पाहत होते. कुका शेजारी उभी होती. नंतर हॉल पुसताना एकटीच पुटपुटली, “आत्ता सांगितलं तर तेही जाळेल. डोकं थंड झालं की सांगीन.”

संप तीन आठवड्यांनी मोडला. शेतमालकांनी पलीकडून दुसरे मजूर आणले म्हणून मोडला. त्या सहा पानांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे लेओबार्दोलाही ठाऊक होते, ओरालियालाही. दोघे कधी त्याविषयी बोलले नाहीत. ओरालियाने टाइपरायटरवर झाकण घातले ते घातलेच. तिचे डोके थंड व्हायला दोन वर्षे लागली असती का, मला माहीत नाही. १९७३ च्या मार्चमध्ये एका सकाळी कुका माझ्यापासून चार हातांवर, बादलीजवळ कोसळली. तिची वाचा गेली आणि पाचव्या दिवशी ती गेली. त्या पाच दिवसांत ती हाताने काहीतरी फिरवल्यासारखे करायची, असे शेजारणी सांगत होत्या. सगळ्यांना वाटले, तिला चक्की आठवतेय, घरची, मक्याची.

मित्रांनो, मी पोटात अक्षरे घेऊन उभी होते आणि मला तोंड नव्हते. हँडल होते, पण ते दुसऱ्याने फिरवावे लागते.

मग झेरॉक्स मशीन आले. माझ्यावर प्लॅस्टिकचा फुलाफुलांचा कपडा पडला आणि त्यावर कॉफीची मोठी किटली. माझ्या शाईच्या नळीत गांधीलमाशीने घर केले. तिचाही मला राग नव्हता, तेवढीच सोबत. एकदा विद्यापीठातून दोन शिकलेली माणसे चळवळीचे जुने कागद गोळा करायला आली. त्यांनी कपाट उघडले, वरची वीस पत्रके पांढरे हातमोजे घालून उचलली, अकरा नावे लिहून घेतली आणि दार लावले. गठ्ठा तळापर्यंत चाळला असता तर! पण ते जाऊ द्या, ते परके होते. एका वर्षी मृतांच्या सणाला खुद्द ओरालिया मेणबत्त्या शोधत माझ्यापाशी आली. तिने कपाट उघडले. वरचे पत्रक पाहिले. “लेओच्या सभा,” एवढेच म्हणाली आणि गुडघ्याला हात लावून उठली. तिच्या आणि तिच्या शब्दांच्या मध्ये तेव्हा बोटभर जाडीचे कागद होते.

२००८ साल उजाडले. नदीकाठाने उंच लोखंडी कुंपण येणार होते आणि आखणी अशी होती की गावाची दफनभूमी कुंपणाच्या पलीकडे राहणार होती. कुकाची कबर तिथेच. गाव पुन्हा हॉलमध्ये जमू लागले. मुली जमिनीवर बसून फलक रंगवायच्या. त्यांत येसेनिया होती, ज्या एनेदिनाच्या लग्नाला बोकड पुरले नव्हते तिची नात. सतरा वर्षांची, नखांना निळा रंग, तोंड जराही बंद नाही.

ओरालिया तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. मधुमेहाने मूत्रपिंडे गेलेली. आठवड्यातून तीन दिवस तिला रक्त धुवायला इस्पितळात जावे लागे. उरलेल्या दिवसांपैकी एका दिवशी ती मुलींसाठी तमाले घेऊन आली आणि येसेनियाच्या फलकाशी येऊन थबकली. मोठ्या लाल अक्षरांत लिहिले होते :

‘शेत जागचे हलले नाही. नदी हलली.’

“हे कुणी लिहिलं?”

“मी. ‘हलली’ जरा वाकडं झालंय, माहितेय मला.”

“तसं नाही गं. हे आहे कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? सगळ्यांना येतं हे, आजी. आमच्या बाईंनी वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. त्यांना त्यांच्या आईकडून आलं. ती मिशिगनला काकडी तोडायची. तिथल्या बायका एका वहीत असलं लिहून घ्यायच्या म्हणे, एकीचं पाहून दुसरी.”

ओरालिया तमाल्यांचे भांडे मांडीवर घेऊन बसली. मला वाटले, तिला चक्कर आली. पण ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

“चायो,” ती म्हणाली. “चायोची पिठाची पिशवी.”

मग तिने सगळे सांगितले. मुलींचे ब्रश वाळून गेले.

“बोलली माझी आई. लिहिलं मी. पुढे सहा पानं होती. माझ्याजवळची मी जाळली. चायो तर मिशिगनहून परतलीच नाही. हे एक वाक्य सोडून काही आठवत नाही मला. फार आठवून बघते. इस्पितळात त्या सुया लावून चार-चार तास पडलेली असते ना, तेव्हा तेच करते. जायच्या आधी एकदा कळायला हवं होतं, सव्विसाव्या वर्षी मी कोण होते.”

येसेनियाने नाक पुसले आणि मुली अवघडल्या की करतात तसे तिने कामाला हात घातला. फलकाचा कच्चा नमुना काढायला तिला कागद हवा होता. तिने इकडेतिकडे पाहिले, किटली बाजूला केली, माझा फुलाफुलांचा कपडा वर केला आणि कपाट उघडले.

“हे बघा, पाठकोरे!” ती म्हणाली आणि सगळा गठ्ठा बाहेर ओढला.

वरचे पाचसहा कागद तिने वाटून टाकले. मुलींनी ते उलटे करून चित्रे काढायला घेतली. मग आणखी. मला जर श्वास असता, तर मी तो त्या वेळी धरून ठेवला असता. गठ्ठ्याच्या तळाशी पोहोचल्यावर तिने एक कागद उलटा केला आणि पेन्सिल टेकवणार तोच थांबली.

“आजी, हा पाठकोरा नाहीये.”

सहाच्या सहा होते. कडा पिवळ्या पडल्या होत्या, शाई मात्र शाबूत होती. आमची शाई विटत नाही. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, जिथे धरून तो दोरीवरून उतरवला होता, तिथे ओल्या शाईत उमटलेला एक अंगठा होता. ओरालियाने चष्मा लावला, पण अक्षरांकडे ती नंतर वळली. आधी ती त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बसली, एकेका पानावर, सहा वेळा.

“आईची सही आहे ही,” ती म्हणाली.

लेओबार्दो तिला न्यायला आला तेव्हा येसेनिया मोठ्याने वाचत होती. तो आता पंचाहत्तरीला आला होता आणि त्याला नवा दात बसवलेला होता. शिटी वाजत नव्हती. हातातली टोपी न घालता तो दाराशी शेवटपर्यंत उभा राहिला. कॉफीचे पान आले तेव्हा मुलींनी त्याच्याकडे पाहिले. येसेनिया जरा चाचरली. त्याने हाताने ‘वाच, वाच’ अशी खूण केली.

वाचून संपल्यावर तो म्हणाला, “मी तेव्हा वाचलंच नव्हतं.”

“नाहीच वाचलंस,” ओरालिया म्हणाली.

“वाचलं असतं तरी बहुतेक ओरडलोच असतो. तसाच होतो मी.” टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत होती. “पण वाचायला हवं होतं, ओरा.”

“हं. आता उभा राहू नकोस नुसता. कॉफी ठेव सगळ्यांना.”

मुली हसल्या. तो खरेच किटलीकडे गेला आणि पूड कुठे आहे ते त्याला सापडेना, तेव्हा त्या आणखी हसल्या.

येसेनियाने मला सुरू करायचे फार प्रयत्न केले. पण रबर कडक झाले होते आणि गांधीलमाशी जागा सोडायला तयार नव्हती. शेवटी झेरॉक्सवरच प्रती काढल्या. खोटे कशाला बोलू, मला जरा लागले. पण ओरालियाने बजावले, “दोन्ही बाजू काढ गं. नुसती माझी नको. त्यांची सभा एका बाजूला, आमचं बोलणं दुसऱ्या बाजूला. कागद एकच आहे.” आणि अंगठाही कापला जाणार नाही याकडे ती जातीने पाहत होती.

त्या प्रती नदीच्या दोन्ही काठांवर गेल्या. पलीकडच्या मामेबहिणींपैकी एक जिवंत होती. तिने निरोप पाठवला, ‘पोचा, आम्ही हसायचो ते खरं. पण तुझं बोलणं ऐकायला तुझ्याजवळ येऊनही बसायचो, ते का नाही लिहिलंस?’ ओरालियाने झाकण काढले, टाइपरायटरवर नवी फीत चढवली आणि सातवे पान लिहिले. पुढची दोन वर्षे ती लिहीतच होती. हॉलमध्ये दर मंगळवारी बायका आपापले लिहिलेले घेऊन येऊ लागल्या. कुणी वहीत, कुणी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. ज्यांना अक्षर येत नाही त्या सांगतात आणि येसेनिया लिहून घेते. मग त्या कोपऱ्यात अंगठा उठवतात. हा नियम ओरालियाने घातला.

कुंपण मात्र झालेच. दफनभूमी त्याच्या पलीकडे गेली. तिकडे जायच्या फाटकाला कुलूप असते आणि किल्ली हॉलमध्ये टांगलेली असते, माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला.

मित्रांनो, मला आता कुणी फिरवत नाही. महिन्यातून एकदा येसेनिया माझ्या अंगावरून तेलाचे फडके फिरवते, तेवढे पुरते. मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको. तुमच्या घरातही जुने कागद असतील. ट्रंकेत, माळ्यावर, एखाद्या बंद पडलेल्या यंत्राच्या कपाटात. ते टाकण्याआधी उलटून पाहा. वरच्या बाजूला ज्यांची नावे आहेत त्यांचा मान राखा, पण कागद उलटा. आणि घरात कुणी पाने हातात धरून ‘तू वाच तरी’ असे म्हणत उभी असेल, तर तेव्हाच वाचा. सदतीस वर्षे फार होतात.

ओरालिया बेनाविदेस ११ नोव्हेंबर २०१० रोजी, गुरुवारी दुपारी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी वारली. फाटक उघडून तिला तिच्या आईशेजारी पुरले.